कंपायलरमध्ये व्हेक्टर मास्क कसे हाताळावेत: एसएसई२ पासून रिस्क-फाइव्हपर्यंत

लासलगावच्या कांदा लिलावाच्या नोंदींवर चालणारं एक छोटं लूप घ्या. दर्जा एका बाइटमध्ये साठवलेला आहे. भाव, कपात आणि निव्वळ रक्कम ३२ बिटांच्या पूर्णांकांत आहेत.

साठी (न = ०; न < एकूण; न++)
  जर (दर्जा[न] == १ && भाव[न] > किमान)
    निव्वळ[न] = भाव[न] - कपात[न];

कंपायलरने एका फेरीत १६ नोंदी उचलायच्या ठरवल्या की ‘जर’च्या जागी मास्क येतो, म्हणजे प्रत्येक लेनसाठी (व्हेक्टर रजिस्टरमधल्या एका नोंदीच्या जागेसाठी) एक होय-नाही. एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या आयआरमध्ये, म्हणजे मूळ कोड आणि मशीन कोड यांच्या मधल्या रूपात, त्याचा प्रकार ‘१६ गुणिले आय-१’ (एका बिटाच्या १६ लेन) असा सुटसुटीत दिसतो. प्रत्यक्षात हाच प्रोग्राम नाशिकमधल्या ऑफिसातल्या इंटेल लॅपटॉपवर चालेल, पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये प्रतवारी यंत्राला जोडलेल्या रास्पबेरी पाय ५ वर चालेल, क्लाउडमधल्या ग्रॅव्हिटॉन ३ या आर्म चिपवर चालेल आणि बनाना पाय बीपीआय-एफ३ सारख्या रिस्क-फाइव्ह बोर्डावरही चालेल. या चार ठिकाणी त्या १६ होय-नाहींचा रजिस्टरमधला आकार एकच नसतो, तो तीन तऱ्हांचा असतो.

तुलना सगळीकडे स्वस्त असते. महाग पडतं ते मास्कचं एका आकारातून दुसऱ्या आकारात जाणं. म्हणून आयआरमध्ये मास्क शक्य तितका वेळ ‘लेनमागे एक होय-नाही’ एवढाच राहू द्यावा. त्याचा आकार शेवटी ठरवावा, आणि तोही मास्क कोण तयार करतं आणि कोण वापरतं हे दोन्ही बघून. पुढची सगळी कृती याच नियमातून निघते.

मास्कचे आकार

पहिला आकार पूर्ण रुंदीचा. मास्क लेनइतकीच जागा घेतो. होय असेल तर लेनमधले सगळे बिट १, नाही तर सगळे ०. एक्स८६ची (इंटेल-एएमडी) एसएसई२ आणि एव्हीएक्स२, आर्मचं निऑन आणि वेबअसेम्ब्लीची १२८ बिटांची सिमडी (एका इन्स्ट्रक्शनने अनेक लेन) यांत हाच असतो. असा मास्क म्हणजे साधा व्हेक्टरच, त्यामुळे अँड-ऑर फुकटात मिळतात. पण त्याला रुंदी असते: ८ बिटांच्या तुलनेतून आलेला मास्क ३२ बिटांच्या लेनना तसाच लावता येत नाही.

दुसरा आकार दाट बिटांचा, एका लेनला एकच बिट. एव्हीएक्स-५१२ मध्ये त्यासाठी के० ते के७ अशी वेगळी रजिस्टरं आहेत. रिस्क-फाइव्हच्या व्हेक्टर विस्तारात मास्क साध्या व्हेक्टर रजिस्टरमध्ये बसतो, मात्र एखाद्या इन्स्ट्रक्शनला लावायचा असेल तर तो व्ही० मध्येच असावा लागतो.

तिसरा आकार आर्मच्या एसव्हीई विस्ताराचा: व्हेक्टरच्या प्रत्येक बाइटमागे एक बिट, पी० ते पी१५ या रजिस्टरांत. ३२ बिटांच्या लेनच्या वाट्याला चार बिट येतात आणि त्यातला सर्वात खालचाच मोजला जातो.

‘होय’ची किंमतही ठरवावी लागते. एलएलव्हीएममध्ये प्रत्येक टार्गेट (ज्यासाठी कोड काढायचा तो प्रोसेसर) ती बूलियन-कन्टेन्टमधून जाहीर करतं: ० किंवा १, ० किंवा −१, की फक्त खालचा बिट खरा. पूर्ण रुंदीच्या टार्गेटवर व्हेक्टरसाठी ० किंवा −१ हेच योग्य, कारण हार्डवेअर तेच देतं. मग मास्कचं साइन-एक्स्टेन्शन (वरचा बिट पसरवून रुंद करणं) फुकट होतं आणि झीरो-एक्स्टेन्शनला (वर शून्यं भरून रुंद करायला) एक जादा अँड किंवा उजवीकडची शिफ्ट लागते. ‘किती नोंदी बसल्या’ असं मोजायचं असेल तर मास्कचा १ करून मिळवत बसू नका. मास्क −१ आहेच, तो बेरजेतून वजा करा. एक इन्स्ट्रक्शन वाचते. टार्गेटने एक जाहीर केलं आणि लोअरिंगच्या (आयआर मशीन कोडपर्यंत उतरवण्याच्या) एखाद्या कोपऱ्यात दुसरंच गृहीत धरलं, तर उत्तराचं चिन्ह उलटं येतं. नव्या बॅकएंडमध्ये (एका टार्गेटसाठी कोड काढणाऱ्या भागात) ही चूक फार लवकर शिरते.

एसएसई२ आणि एव्हीएक्स२: रुंदी जुळवणं हेच खरं काम

आपल्या लूपमध्ये दर्जाची तुलना १६ बाइटांच्या एका रजिस्टरमध्ये होते, तर भावाच्या १६ तुलनांना १२८ बिटांची चार रजिस्टरं लागतात. सरधोपट लीगलायझेशन (टार्गेटला न झेपणारा प्रकार झेपणाऱ्यात बदलण्याची पायरी) ‘१६ गुणिले आय-१’ला ‘१६ गुणिले आय-८’ करून टाकतं. मग भावाचे चार मास्क बाइटांत आवळायला पॅकच्या ३ इन्स्ट्रक्शन लागतात, एक अँड होतो, आणि निकाल ३२ बिटांच्या लेनना लावायचा म्हणून परत उलगडायला अनपॅकच्या ६. एकूण १०, मधल्या रजिस्टर-कॉपी सोडून.

उलट दिशेने जा. दर्जाचा मास्क आधीच उलगडा: अनपॅकच्या ६ आणि ३२ बिटांच्या रुंदीत ४ अँड. बेरीज पुन्हा १०च. मोजणी सारखी आली म्हणून दोन्ही रस्ते सारखे समजू नका. पहिल्या रस्त्यात भावाच्या तुलनेनंतर पॅक, पॅक, अँड, अनपॅक, अनपॅक अशा पाच पायऱ्या एकमेकींची वाट बघतात. दुसऱ्यात भावाच्या तुलनेनंतर फक्त अँड उरतो आणि दर्जाचं उलगडणं शेजारी समांतर चालतं. लूपमध्ये दर्जाची अट नसेल तर फरक आणखी उघड दिसतो. तेव्हा सरधोपट रस्ता ३ पॅक आणि ६ अनपॅक अशा ९ इन्स्ट्रक्शन केवळ बाइटाच्या रूपात जाऊन परत यायला घालवतो.

त्यामुळे मास्कची रुंदी वापरणाऱ्याकडून घ्या. सिलेक्ट (मास्कनुसार दोनातली एक किंमत निवडणं), स्टोअर किंवा साइन-एक्स्टेन्शन यांना जी रुंदी हवी तिच्यात अँड-ऑर करा. भावावर तीन अटी असतील तर त्या आधी ३२ बिटांतच एकत्र करा आणि दर्जाला शेवटी त्यांच्यात आणा. मास्क फक्त मूव्हमास्कने (प्रत्येक लेनचा वरचा बिट गोळा करणाऱ्या इन्स्ट्रक्शनने) पूर्णांकात जाणार असेल तर मात्र बाइटची रुंदीच स्वस्त.

याहून चांगली युक्ती लोडच्या जागी असते. एसएसई४.१ पासून बाइट वाचतानाच ३२ बिटांत रुंद करणारी लोड इन्स्ट्रक्शन आहे. दर्जा तसाच वाचला तर तुलना सुरुवातीपासून ३२ बिटांची होते आणि मास्कची रुंदी बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. तुलना चारपट वाढतात हे खरं, पण उलगडणं जातं. एव्हीएक्स२ वर हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा पडतो, कारण २५६ बिटांत चाराच्या जागी दोनच तुलना लागतात.

पॅक करताना चिन्हासह संपृक्त होणारा (मर्यादेबाहेरची किंमत मर्यादेवर थांबवणारा) प्रकारच वापरा, म्हणजे पॅक-एसएस. पॅक-यूएस −१ ला ऋण समजून ० वर आणतो आणि सगळे होय नाही होतात. बिट दिसायला सारखे असल्यामुळे ही चूक वाचून पकडणं अवघड जातं. एव्हीएक्स२ मध्ये आणखी एक अडचण आहे: २५६ बिटांचा पॅक १२८ बिटांच्या दोन अर्ध्यांत स्वतंत्रपणे चालतो, त्यामुळे निकालातले ६४ बिटांचे तुकडे ०, २, १, ३ या क्रमाने परत लावावे लागतात. तो परम्यूट विसरला तर १ ते ४ लेनच्या चाचण्या हिरव्या राहतात आणि १६ लेनला नोंदींची अदलाबदल होते.

एसएसई२ मध्ये पूर्णांकांच्या तुलना दोनच: समान, आणि चिन्हासह मोठे. अनसाइन्ड तुलनेसाठी दोन्ही बाजूंचा सर्वात वरचा बिट उलटा करून साइन्ड तुलना करा, एसएसई४.१ असेल तर अनसाइन्ड कमाल काढून ‘कमाल पहिल्याइतकीच आहे का’ असं विचारा. स्थिरांकाशी तुलना असेल तर त्या बाजूचा बिट कंपाइल करतानाच उलटून ठेवा.

ब्लेंड-व्ही ही इन्स्ट्रक्शन लेनचा फक्त वरचा बिट बघते. त्यामुळे ‘शून्यापेक्षा कमी असेल तर’ अशी अट असल्यास तुलनाच नको, मूळ संख्या मास्क म्हणून चालते. पण या सवलतीला मर्यादा आहे. ब्लेंड-व्हीला वरचाच बिट लागतो हे बघून ऑप्टिमायझर मास्क बनवणारी गणितं छाटतो, आणि त्याच मास्कचा दुसरा वापरकर्ता अँड-अँडनॉट करणारा निघाला तर त्याला अर्धवट मास्क मिळतो. मास्कला एकाहून जास्त वापरकर्ते असतील तर बिट छाटू नका. बाइटवरचा ब्लेंड ३२ बिटांच्या लेनसाठी वापरायचा असेल तर चारही बाइटांचे वरचे बिट खरे हवेत, हेही तपासा.

मूव्हमास्क ८, ३२ आणि ६४ बिटांच्या लेनसाठी आहे, १६ साठी नाही. १६ बिटांसाठी आधी बाइटांत पॅक करा, किंवा बाइटचाच मूव्हमास्क घेऊन प्रत्येक लेनचे दोन बिट आले आहेत हे पुढच्या मोजणीत धरा.

एव्हीएक्स-५१२: अँड फुकट, वरचे बिट धोक्याचे

इथे १६ बाइटांची तुलना आणि ३२ बिटांच्या १६ लेनची तुलना, दोन्ही १६ बिटांचाच मास्क देतात. रुंदीचा प्रश्न संपला. इतकंच नाही, दुसरी तुलना पहिल्या मास्कखाली केली की बंद लेनचे बिट ० होतात, म्हणजे वेगळा अँडही लागत नाही. आपलं लूप दोन तुलना, एक वजाबाकी आणि एक मास्क्ड स्टोअर एवढ्यावर येतं. वजाबाकीला मास्क लावू नका. बंद लेनमधलं निरुपयोगी उत्तर कोणी वाचणारच नाही. मास्क तिथेच लावा जिथे परिणाम बाहेर दिसतो: स्टोअर, फॉल्ट देऊ शकणारा लोड, भागाकार.

बाइटांच्या तुलनेसाठी बीडब्ल्यू आणि लहान रजिस्टरांसाठी व्हीएल हे उपसंच लागतात. नुसता एफ (मूळ उपसंच) असेल तर दर्जा ३२ बिटांत रुंद करूनच वाचा.

के० मास्क म्हणून लावता येत नाही. एन्कोडिंगमध्ये त्या जागेचा शून्य ‘मास्क नाही’ असा वाचला जातो. रजिस्टर अ‍ॅलोकेटरला (रजिस्टरं वाटून देणाऱ्या भागाला) दोन वर्ग द्या: साठवण्यासाठी आठही, लावण्यासाठी सातच. हा भेद चुकला आणि बॅकएंडने थेट मशीन कोड काढला, तर तो चालतो आणि सगळ्याच लेनवर लिहून मोकळा होतो.

वरच्या बिटांकडे सर्वात जास्त लक्ष द्या. चार लेनची तुलना के-रजिस्टरचे उरलेले बिट ० करते, त्यामुळे तिथपर्यंत सगळं ठीक. पण त्याच मास्कवर १६ बिटांचा नॉट चालवला की वरचे १२ बिट १ होतात. त्यानंतर ‘सगळे होय आहेत का’ किंवा ‘किती होय आहेत’ असं विचारलं तर उत्तर चुकतं. आठ लेनना डीक्यू उपसंचाशिवाय ८ बिटांच्या के-इन्स्ट्रक्शन मिळत नाहीत, १६ बिटांच्याच वापराव्या लागतात, तिथेही हेच. सगळीकडे स्वच्छता करत बसायची गरज नाही. मास्क पूर्णांकात जाताना किंवा कॉरटेस्टमध्ये (मास्क सगळा ० की सगळा १ हे तपासणाऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये) जाताना, म्हणजे जिथे वरचे बिट खरोखर वाचले जातात तिथेच ते पुसा.

निष्क्रिय लेनमध्ये काय हवं हे आयआरने सांगितलं नसेल तर शून्य करणारा प्रकार निवडा. मिसळणारा प्रकार जुनं डेस्टिनेशन वाचतो आणि नसलेलं अवलंबित्व उभं करतो. आणि २५६ बिटांपर्यंत मास्क शेवटी साइन-एक्स्टेन्ड होऊन डेटाच बनणार असेल, तर के-रजिस्टरच्या वाटेला जाऊ नका. स्कायलेक सर्व्हरवर के-रजिस्टरमध्ये जाणाऱ्या तुलनेला ३ सायकल लागतात, जुन्या पद्धतीच्या तुलनेला १.

लूपच्या शेवटच्या अपुऱ्या फेरीसाठी ‘खालचे न बिट १’ असा मास्क लागतो. तो १ ला न जागा सरकवून त्यातून १ वजा करून बनवू नका. ३२ लेन आणि न = ३२ असताना ३२ बिटांची शिफ्ट शून्यच जागा सरकते आणि मास्क रिकामा निघतो. बीएमआय२ मधली ‘न पासून वरचे बिट पुसा’ ही इन्स्ट्रक्शन न २५५ पर्यंत असला तरी बरोबर वागते.

निऑन: वगळता येणारं काम वगळा

निऑनमध्ये अनसाइन्ड तुलना आहेत आणि बिटवार निवड करणारी बीएसएल आहे, त्यामुळे सिलेक्टचं काम स्वच्छ होतं. बीएसएल प्रत्येक बिट स्वतंत्र बघते, म्हणून मास्क पूर्णच हवा. वरच्या बिटावर भागत नाही.

मूव्हमास्क मात्र नाही. ‘एखादी तरी लेन होय आहे का’ एवढंच हवं असेल तर लेनमधली अनसाइन्ड कमाल काढा, ‘सगळ्या होय आहेत का’ यासाठी किमान. पहिली होय लेन कुठे आहे हे हवं असेल तर १६ बिटांच्या लेन ४ जागा उजवीकडे सरकवून अरुंद करणारी शिफ्ट वापरा. १६ बाइटांचा मास्क ६४ बिटांत येतो, बाइटमागे चार बिट. खालून शून्यं मोजा आणि ४ ने भागा. खरोखर १६ बिटांचा पूर्णांकच हवा असेल तर लेनना १, २, ४ ते १२८ यांच्याशी अँड करून बेरीज घ्यावी लागते. ते महाग आहे, ऑप्टिमायझरने मागितलं नसताना देऊ नका.

निऑनमध्ये मास्क्ड स्टोअर नाही. इथे एक मोह होतो: जुनं निव्वळ वाचा, सिलेक्ट करा, सगळं परत लिहा. हे कंपायलरने स्वतःच्या अधिकारात करायचं नाही. मूळ प्रोग्राम ज्या जागी लिहीतच नव्हता तिथे दुसरा थ्रेड लिहीत असू शकतो, आणि आपण वाचलेली जुनी किंमत त्याच्यावर परत घातली तर त्याची नोंद पुसली जाते. सी आणि सी++ च्या २०११ पासूनच्या मेमरी मॉडेलमध्ये असा नसलेला स्टोअर निर्माण करायला मनाई आहे. शिवाय ती जागा फक्त वाचण्यासाठी मॅप केलेली असेल तर प्रोग्राम पडतो. मूळ कोडमध्ये ‘नाही तर’ची बाजूही त्याच जागी लिहीत असेल, तरच सिलेक्ट करून पूर्ण स्टोअर करा.

मग उरतं ते प्रत्येक लेनसाठी ब्रांच. त्याआधी दोन झटपट तपासण्या घाला: सगळ्या नाही असतील तर पुढे जा, सगळ्या होय असतील तर पूर्ण स्टोअर करा. नोंदी दर्जानुसार लावलेल्या असतील तर बहुतेक फेऱ्या या दोन्हींतच संपतात. रास्पबेरी पाय ५ मधल्या कॉर्टेक्स-ए७६ ला एसव्हीई नाही, त्यामुळे पॅकहाउसमधल्या यंत्रावर हाच रस्ता लागणार.

एसएसई२ मध्ये बाइटवार मास्क्ड स्टोअरची एक इन्स्ट्रक्शन दिसेल. ती कॅशला वळसा घालून लिहिते आणि अशा लूपमध्ये फार हळू पडते, तिच्या नादी लागू नका. एव्हीएक्सचा मास्क-मूव्ह चांगला आहे, पण तो ३२ आणि ६४ बिटांसाठीच. बाइटांसाठी एव्हीएक्स-५१२ बीडब्ल्यूपर्यंत थांबावं लागतं. बंद लेन अवैध पानावर पडली तरी तो फॉल्ट देत नाही, मात्र तेवढ्यापुरता वेग खाली येतो.

लोडचा नियम थोडा सैल आहे. १६ बाइटांच्या सीमेवर अलाइन केलेला १६ बाइटांचा लोड ४०९६ बाइटांचं पान ओलांडत नाही, त्यामुळे त्यातला एक बाइट वैध असला तर हार्डवेअर फॉल्ट देणार नाही. तरी आयआरच्या पातळीवर हे सिद्ध झालेलं नसतं, म्हणून असा निर्णय बॅकएंडमध्येच घ्या आणि सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) चालू असेल तर घेऊच नका.

एसव्हीई: बाइटमागे बिट

ग्रॅव्हिटॉन ३ मध्ये एसव्हीई २५६ बिटांची आहे, ग्रॅव्हिटॉन ४ मध्ये १२८ बिटांची. एकच बायनरी दोन्हीकडे चालली पाहिजे, म्हणून लेनची संख्या कोडमध्ये कुठेही ठरीव धरू नका.

बाइटच्या तुलनेचा प्रेडिकेट (एसव्हीईत मास्कला हेच नाव) ३२ बिटांच्या लेनना लावायचा तर पी-रजिस्टरवर दोन टप्प्यांत अनपॅक करावं लागतं: २ अधिक ४, म्हणजे पुन्हा ६. इथेही लोडचीच युक्ती वापरा. बाइट वाचून थेट ३२ बिटांच्या लेनमध्ये ठेवणारा लोड एसव्हीईत आहे, तो घेतला की सगळं लूप एकाच रुंदीत राहतं. तुलनेला स्वतःचा प्रेडिकेट असतो आणि बंद लेन शून्य होतात, त्यामुळे अँड इथेही फुकट.

सगळे बाइट चालू असलेला प्रेडिकेट ३२ बिटांच्या कामाला चालतो. उलट मात्र नाही: ३२ बिटांच्या लेनसाठी बनवलेला ‘सगळे चालू’ प्रेडिकेट बाइटच्या इन्स्ट्रक्शनला लावला तर चारातला एकच बाइट चालू राहतो. प्रेडिकेटचा प्रकार नुसता बदलून वापरता तेव्हा मधल्या बिटांत काय आहे हे माहीत असायला हवं. तुलनेने बनवलेला असेल तर मधले बिट ०, रूपांतराने आलेला असेल तर तशी खात्री नाही.

तुलना कंडिशन फ्लॅगही लावते, त्यामुळे ‘एखादी तरी होय’ यावर ब्रांच करायला वेगळी तपासणी नको. तुलनेनंतर पीटेस्ट (प्रेडिकेट तपासून फ्लॅग लावणारी इन्स्ट्रक्शन) निघत असेल तर तो काढणारा पीपहोल (शेजारच्या इन्स्ट्रक्शन बघून केलेली छोटी सुधारणा) लिहा, पण दोन्हींचा नियंत्रक प्रेडिकेट एकच आहे का हे बघून. बहुतेक गणिती इन्स्ट्रक्शनना नियंत्रक म्हणून फक्त पी० ते पी७ चालतात. हा बंध अ‍ॅलोकेटरला सांगितला नाही तर असेंबलरच कोड नाकारतो, म्हणजे निदान चूक लगेच कळते.

रिस्क-फाइव्ह: दिसायला तसंच, वागायला वेगळं

मिश्र रुंदीसाठी रिस्क-फाइव्हची रचना सर्वात सोयीची आहे. २०२१ मध्ये पक्क्या झालेल्या १.० आवृत्तीत मास्कचा न-वा बिट म्हणजे न-वी लेन, लेन कितीही रुंद असो. दर्जाची तुलना ८ बिटांत एका रजिस्टरवर करा, मग रुंदी ३२ आणि गट (एका इन्स्ट्रक्शनमध्ये एकत्र चालणारी रजिस्टरं) ४ रजिस्टरांचा असं बदला. रुंदी आणि गटाचं गुणोत्तर तेच राहिल्यामुळे लेनची संख्या बदलत नाही आणि व्ही० मधला मास्क जसाच्या तसा लागू पडतो. एकही अनपॅक नाही.

तुलनेखाली तुलना करताना मात्र थांबून बघा. एव्हीएक्स-५१२ आणि एसव्हीईत मास्कखालच्या तुलनेच्या बंद लेन ० होतात. रिस्क-फाइव्हमध्ये त्या ० होत नाहीत. तिथे बंद लेनचं काय करायचं याचं धोरण निवडायचं असतं. धोरण ‘बंद लेन जशाच्या तशा’ असेल तर डेस्टिनेशनची जुनी किंमत राहते. ‘काहीही चालेल’ असेल तर जुनी किंमत राहील किंवा सगळे १ होतील. म्हणून अँडचा परिणाम हवा असेल तर दोन अटी एकदम पाळा: डेस्टिनेशन व्ही०च असावं, आणि धोरण जशाच्या तशाचं असावं. मग आधीच ० असलेले बिट ० राहतात. मास्क्ड इन्स्ट्रक्शनचं डेस्टिनेशन व्ही० वर येऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे, पण मास्क लिहिणाऱ्या तुलनांना त्यातून सूट आहे. दोन्हींपैकी एक अट पाळता येत नसेल तर सरळ दोन वेगळ्या तुलना आणि एक मास्क-अँड काढा.

एव्हीएक्स-५१२ साठी लिहिलेला पीपहोल उचलून इथे ठेवला तर नेमकं हेच बिघडतं. तेही काही चिपांवरच, कारण ‘काहीही चालेल’ म्हटलं तरी काही हार्डवेअर जुनी किंमतच ठेवतं.

व्ही० एकच असल्यामुळे दोन मास्क एकाच वेळी जिवंत असतील तर प्रत्येक वापरापूर्वी कॉपी लागते. एका मास्कचे वापर शेजारी शेजारी आणणारं शेड्युलिंग इथे खरोखर फायदा देतं. गट ८ रजिस्टरांचा असेल तर व्ही० गुंतल्यावर व्ही८, व्ही१६ आणि व्ही२४ असे तीनच गट हाती उरतात. मास्क वापरणाऱ्या लूपमध्ये ४ चा गट घेणं शहाणपणाचं.

मास्क बनवणाऱ्या इन्स्ट्रक्शन शेपटीचे, म्हणजे चालू लांबीपलीकडचे बिट जपतील याची हमी कधीच देत नाहीत. मोजणी आणि ‘पहिला होय’ शोधणाऱ्या इन्स्ट्रक्शन लांबीपर्यंतच बघतात, त्या सुरक्षित. मास्क मेमरीत लिहून किंवा स्केलरमध्ये आणून पूर्णांकासारखा वाचायचा असेल तर शेपूट स्वतः पुसा.

व्हेक्टर-व्हेक्टर ‘मोठे’ ही तुलना नाही, ऑपरंड उलटे करून ‘लहान’ वापरा. आणि ०.७.१ आवृत्तीचे जुने बोर्ड हाती असतील तर त्यांवर मास्कच्या बिटांची मांडणी रुंदी आणि गटाच्या गुणोत्तरानुसार बदलते, १.० साठीचा कोड तिथे चालवू नका.

आयआरच्या पातळीवर राहून जाणाऱ्या दोन गोष्टी

‘अ आणि ब’ ही अट मूळ प्रोग्राममध्ये अ खोटं असताना ब बघतच नाही. व्हेक्टरमध्ये ब सगळ्या लेनसाठी काढला जातो आणि बंद लेनमध्ये तो पॉइझन (जिचा निकाल वापरू नये अशी निरर्थक किंमत) असू शकतो. साधा अँड पॉइझन पुढे नेतो. म्हणून अ वर सिलेक्ट ठेवा, होय असेल तर ब, नाही तर खोटं; किंवा ब आधी फ्रीझ करा (पॉइझनच्या जागी कुठलीतरी एक पक्की किंमत घ्या). त्याच कारणाने भागाकाराच्या बंद लेनमध्ये भाजक म्हणून १ घाला. एक्स८६ वर पूर्णांकांचा व्हेक्टर भागाकार नाही, तो स्केलर होतो आणि शून्याने भागताना ट्रॅप येतो.

दुसरी गोष्ट, शेपटीचा मास्क ‘सुरुवात अधिक लेन-क्रमांक, एकूणपेक्षा कमी आहे का’ असा काढताना बेरीज ओव्हरफ्लो होऊन शून्याकडे वळू देऊ नका. संपृक्त बेरीज वापरा, नाहीतर ३२ बिटांच्या मर्यादेजवळ बंद असायला हव्या त्या लेन चालू होतात.

चाचणी

प्रत्येक बदलासाठी लेनची संख्या १, २, ३, ४, ८, १६, ३२ आणि ६४ ठेवून आयआरचे छोटे तुकडे लिहा. ३ मुद्दाम, कारण दोनाचा घात नसलेल्या संख्येला वायडनिंगचा (लेन वाढवून पुढच्या आकारात नेण्याचा) वेगळा रस्ता लागतो. प्रत्येक तुकड्यात मास्क एकदा फंक्शनचा आर्ग्युमेंट म्हणून, एकदा मेमरीतून वाचून, एकदा नॉट करून मोजलेला आणि एकदा दोन वेगळ्या रुंदीच्या वापरकर्त्यांना दिलेला असू द्या. एलएलसी (आयआरचं असेंब्ली करणारं साधन) हे एसएसई२, एसएसई४.२, एव्हीएक्स२, नुसतं एव्हीएक्स-५१२ एफ, मग बीडब्ल्यू-डीक्यू-व्हीएलसह, निऑन, एसव्हीई, रिस्क-फाइव्ह आणि वेबअसेम्ब्ली यांसाठी चालवा आणि फाइलचेकच्या (निघालेली असेंब्ली ताडून बघणाऱ्या साधनाच्या) ओळी स्क्रिप्टनेच तयार करा. त्या तयार झाल्यावर वाचा. पॅकपाठोपाठ अनपॅक दिसला की रुंदीचा निर्णय चुकला आहे.

नुसतं असेंब्ली वाचून पॅक-यूएस किंवा वरच्या बिटांची चूक सापडत नाही, कोड चालवावाच लागतो. इंटेलच्या १२ व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर एव्हीएक्स-५१२ मिळत नाही. त्यासाठी इंटेलचा एसडीई एम्युलेटर वापरा, किंवा एएमडीचं झेन ४ वा त्यानंतरचं मशीन. एसव्हीईसाठी क्यूएमू या एम्युलेटरमध्ये व्हेक्टरची लांबी १२८, २५६ आणि ५१२ अशी तिन्ही ठेवून तोच बायनरी चालवा. रिस्क-फाइव्हसाठी क्यूएमूच्या सीपीयू पर्यायांत ‘काहीही चालेल’ अशा बंद लेन आणि शेपूट सगळे १ करणारे दोन स्विच आहेत, ते दोन्ही चालू ठेवा. नेहमीच्या सेटिंगला जुनी किंमत टिकते आणि तुलनेखालच्या तुलनेची चूक झाकली जाते. स्विच चालू केले की पहिल्याच फेरीत ज्या नोंदींना हात लागायला नको होता त्यांचं निव्वळ बदललेलं दिसतं.

बिग-एंडियन (वरचा बाइट आधी ठेवणारं) टार्गेट सांभाळत असाल तर मास्कचा पूर्णांकात बिटकास्ट (बिट तेच ठेवून प्रकार बदलणं) तिथे वेगळा तपासा: तिथे लेन ० सर्वात वरच्या बिटात येते, आणि ‘पहिला होय’ शोधताना शून्यं वरून मोजावी लागतात.